कॉलेज सोडून ट्रकवर यायचंय? आधी वयाच्या वीस वर्षांचा हिशेब समजून घ्या

बी.ए., बी.कॉम.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेली बीड जिल्ह्यातली, केज-धारूरकडची पोरं मला फोन करतात. "दादा, कॉलेजात मन लागंना. गाडीवर घ्या." मी आधी वय विचारतो. अठरा-एकोणीस म्हणाला, की माझं उत्तर ठरलेलं आहे: गाडीवर ये, पण कॉलेजातून नाव कमी करू नको अजून.

कारण कायद्यातच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे स्वतःची मोटार चालवायला १८ वर्षं पुरतात, पण मालवाहू गाडी चालवायला २० पूर्ण व्हावी लागतात. शिवाय हेवीचं, म्हणजे जड गाडीचं, शिकाऊ लायसन्स काढायला आधी हलक्या गाडीचं पक्कं लायसन्स किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. म्हणजे अठराव्या वर्षी कॉलेजला रामराम केलेल्या पोराला दोन वर्षं ट्रकचं स्टेअरिंग कायद्यानं हातात घेताच येत नाही. ती दोन वर्षं कशी जातात ते मी आमच्याकडं बघतोय. एक तर फाट्यावरच्या टपरीवर जातात, नाही तर रात्रीच्या चोरट्या वाळूच्या हायवा डंपरवर. बिनलायसन्सचा पोरगा वाळूवाल्याला हवाच असतो. तिथं पैसा लवकर दिसतो आणि गुन्हाही लवकर दाखल होतो. पोलीस ठाण्यात एकदा नाव लागलं, की चांगला मालक जवळ करत नाही.

माझे आईवडील दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याला जायचे. मी लातूरला बी.कॉम.ला होतो, दुसरं वर्ष पूर्ण करून गाडीवर आलो. आज बारा टायरच्या ट्रकवर आहे. लातूरच्या मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली डाळ, सोयाबीनची पेंड, जालन्याची सळई, सेलू-मानवतकडच्या कापसाच्या गाठी असा माल घेऊन कधी दक्षिणेला, कधी मुंबईच्या बंदराकडं जातो. या कामात मानानं जगता येतं, घर चालतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून कुणी यायचं म्हटलं की मी त्याला अडवत नाही. फक्त क्रमानं या, एवढंच सांगतो, आणि तो क्रम इथं सविस्तर लिहितो.

कॉलेज कसं सोडायचं

चालू वर्ष अर्धवट टाकू नका. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पूर्ण केलं तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षं पूर्ण केली तर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. मिळवलेली क्रेडिट तुमच्या नावानं जमा राहतात. मार्चमध्ये रागानं उठून गेलात तर एप्रिलची परीक्षा बुडते आणि वर्षभराची फी पाण्यात जाते. परीक्षा द्या, निकाल हातात घ्या. बाहेर पडताना गुणपत्रिका, टीसी, दहावी-बारावीच्या मूळ सनदा सगळं कॉलेजच्या कार्यालयातून सोडवून घरी पेटीत ठेवा. कागद कॉलेजात राहिले की पाच वर्षांनी एका सहीसाठी हेलपाटे बसतात.

पदवी पूर्ण करायची इच्छा मनात असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घाला. आपल्या जिल्ह्यांतल्या बऱ्याच कॉलेजांत त्यांची अभ्यास केंद्रं आहेत. गाडी भरायला दोन-दोन दिवस नंबर लागत नाही तेव्हा केबिनमध्ये पुस्तक वाचता येतं, हे मी करून बघितलंय.

२०१९ पासून हेवी लायसन्ससाठी आठवी पासची जुनी अट राहिली नाही. पण शिक्षणाचा उपयोग या धंद्यात रोज होतो. बिल्टीवरचा (मालाच्या पावतीवरचा) माल आणि गाडीतला माल जुळतो का, माल नेण्याचं जीएसटीचं ई-वे बिल कधी संपतं, विम्याची तारीख काय, हे ज्याला स्वतः वाचता येतं त्याला रस्त्यात कुणी भीती दाखवू शकत नाही. पुढं एसटीत चालक म्हणून जायचं ठरवलं तर दहावीची सनद लागतेच.

लायसन्स

अठरा पूर्ण झाल्या महिन्यातच सरकारच्या सारथी पोर्टलवर हलक्या गाडीच्या शिकाऊ लायसन्सचा अर्ज करा. आधारवर नोंदवलेला मोबाइल नंबर चालू असेल तर चाचणी घरी बसून देता येते. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची चाचणी देता येते. सरकारी फीची पावती पोर्टलवर निघते. ती समोर ठेवा, म्हणजे एजंट किती वरचे मागतोय ते कळेल.

वीस पूर्ण झाली आणि हलक्या लायसन्सला वर्ष उलटलं, की हेवीचं शिकाऊ काढायचं. त्याला डॉक्टरांचं नमुना १-अ मधलं प्रमाणपत्र लागतं आणि पुढं पक्क्या लायसन्सला मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं नमुना ५. डोळ्यांची तपासणी मात्र आधीच, अठराव्या वर्षीच, चांगल्या डॉक्टरकडून करून घ्या. रंग ओळखण्यात दोष असेल, एका डोळ्यानं कमी दिसत असेल, फिटचा त्रास असेल तर ते तेव्हाच कळलेलं बरं. तेवढ्यासाठी कॉलेज सोडून मग आरटीओच्या दारात समजणं फार वाईट.

ड्रायव्हिंग स्कूलवाला "शिकायला नाही आलात तरी चालेल, प्रमाणपत्र देतो" म्हणाला तर तिथून उठा. हेवी गाडी शिकवायला ज्याच्याकडं खरीच हेवी गाडी आहे आणि जो ती तुमच्या हातात देतो, त्याच्याकडंच पैसे भरा. पुण्याला जायची ऐपत असेल तर भोसरीला सीआयआरटी या रस्ते वाहतुकीच्या केंद्रीय संस्थेच्या आवारात चालक प्रशिक्षण संस्था आहे, तिथं शिस्तीत शिकवतात. लायसन्स खोटं निघालं किंवा त्या वर्गाचं नसलं, तर अपघातानंतर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करू शकते. असा मालक मग तुमच्या बापाच्या जमिनीकडं बघतो.

एक गोष्ट बऱ्याच पोरांना माहीत नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला, की माल धरून एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या लायसन्सवर चालवता येते, त्याला वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे वीस पूर्ण झाली की छोटा हत्ती, पिकअप, लहान आयशर यांवर हेवी लायसन्स येण्याआधीच काम सुरू करता येतं. मोंढ्यातून गावोगावी खत-बियाणं पोचवणं, वाळूजच्या कंपन्यांतला सुटा माल नेणं, असं काम हात बसवायला चांगलं आहे.

क्लिनर म्हणून ही दोन वर्षं

खरं शिक्षण इथं आहे. कॉलेजच्या दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत ओळखीच्या, निर्व्यसनी उस्तादाबरोबर, म्हणजे जुन्या ड्रायव्हरबरोबर, गाडीवर जा. घरच्यांना मालकाचं नाव, गाडीचा नंबर, उस्तादाचा मोबाइल देऊन जा. एक पूर्ण महिना गाडीवर काढल्यावर तुमचं तुम्हालाच कळतं, हे जमणार का नाही. मे महिन्यात जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्याबाहेर रांगेत थांबणं, ताटकळणं, अंघोळीशिवाय झोपणं सोसलं तरच पुढचा विचार करा. बरीच पोरं पहिल्याच महिन्यात परत कॉलेजात जातात. त्यात कमीपणा काहीच नाही. कॉलेजात नाव असल्यामुळंच त्यांना परत जाता येतं, म्हणून मी आधी तेच सांगितलं.

क्लिनरनं शिकायचं काय? पहिलं, सकाळची गाडी. सेल मारायच्या आधी इंजिन ऑइलची कांडी बघायची, कूलंट बघायचं, बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी असेल तर युरियाची टाकी बघायची. युरिया संपला की गाडीची ताकद कमी होते आणि भरलेली गाडी चढावर रांगायला लागते. मग टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन एकेक टायर ठोकायचं. हवा भरलेल्या टायरचा आवाज टणक येतो, बसलेल्याचा बद्द येतो. मागच्या जोडटायरमध्ये अडकलेला दगड काढल्याशिवाय हलायचं नाही. तो दगड वेगात सुटला तर मागच्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेतो. हवेच्या टाकीखालचा कॉक उघडून साठलेलं पाणी सोडायचं. गाडी चालू करून हवेचा काटा वर येईपर्यंत थांबायचं, आणि त्या वेळात कान लावून कुठं फुसफुस ऐकू येते का ते बघायचं. हेवीचे ब्रेक हवेवर असतात. हवा नाही तर ब्रेक नाही.

दुसरं, माल बांधणं. पेंडीची पोती, कापसाच्या गाठी आणि लोखंडाची सळई या तिन्हींची बांधणी वेगळी. पोत्यांवर ताडपत्री अशी घालायची, की पुढची बाजू मागच्यावर चढेल. उलटी घातली तर वारा आत शिरतो आणि पाऊसही. भिजलेल्या पोत्याचे पैसे भाड्यातून कापले जातात. गाठींची गाडी उंच होते, वळणावर झोल मारते, म्हणून दोर दोन्हीकडून सारखा आवळायचा आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवर उतरून पुन्हा हात लावून बघायचा. सळईचं तर मी प्रत्येक पोराला बजावतो: साखळी आणि बेल्ट पुढून, मधून, मागून. जोरात ब्रेक लागला आणि बंडल मोकळं असलं तर सळई पुढं सरकून केबिन फोडते. मागं बाहेर लोंबणारी सळई घेऊन जाणं बेकायदा आहे. मालक म्हणाला, व्यापारी म्हणाला, तरी निघायचं नाही.

तिसरं, कागद. आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, टॅक्स हे गाडीचे. बिल्टी, बिल आणि ई-वे बिल हे मालाचे. गाडीचे कागद मोबाइलमध्ये डिजिलॉकरला असतात, तरी झेरॉक्सचा संच केबिनमध्ये ठेवा. फिटनेस आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी लागतं. ई-वे बिलाची मुदत अंतरावर असते, दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी बिघडून मुदत संपत आली तर संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. हे ज्याला माहीत असतं तो ट्रान्सपोर्टवाल्याला वेळेत फोन करतो. ज्याला माहीत नसतं त्याची गाडी जीएसटीवाले अडवून ठेवतात आणि तो चार दिवस परमुलखात बसतो.

चौथं, रिव्हर्स. क्लिनरनं उतरून अशा जागी उभं राहायचं, की उस्तादाला आरशात आपण दिसतो. आरशातून दिसेनासे झालात तर उस्तादानं गाडी थांबवलीच पाहिजे, हे आधीच ठरवून घ्या. गाडीच्या मागं कधीही उभं राहायचं नाही.

आणि उस्ताद रात्री म्हणेल, "रस्ता मोकळाय, धर जरा स्टेअरिंग." नाही म्हणा. हेवीचं शिकाऊ लायसन्स आणि शेजारी लायसन्सवाला माणूस असल्याशिवाय हात लावायचा नाही. चांगला उस्ताद असं म्हणतच नाही.

मालक निवडणं

पोरं विचारतात, टाटा बरी का लेलँड बरी, दहा टायर का चौदा. मी म्हणतो, मालक बघा. गाडी जुनी असली आणि मालक सरळ असला तर दिवस चांगले जातात. नव्या गाडीवर वाकडा मालक मिळाला तर एसीत बसूनही झोप लागत नाही. एसीवरून आठवलं, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ही चैन मुळीच नव्हे. केबिन तापली की डोकं काम करत नाही आणि चूक होते.

मालकाला समोरासमोर विचारायच्या गोष्टी अशा. पगार किती आणि कोणत्या तारखेला, बँकेत का हातात? बँकेतच मागा, उद्या काही झालं तर तुम्ही त्याच्याकडं कामाला होता याचा तोच पुरावा. ट्रिपचा भत्ता किती, गाडी खाली व्हायला थांबली तर त्या दिवसांचा भत्ता मिळतो का? डिझेलचं ॲव्हरेज कितीचं धरतो, आणि ते भरलेल्या गाडीचं का रिकाम्या? ॲव्हरेज अवाच्या सवा धरून महिनाअखेर कापून घेणारे मालक आहेत. मालाची घट आली तर कुणाच्या अंगावर? वेगाचं चलान ड्रायव्हरनं भरावं हे मला मान्य आहे. ओव्हरलोडचं चलान मालकानंच भरलं पाहिजे.

ओव्हरलोडचा आकडा पाठ करा. माल धरून एकूण वजन सहा टायरला १८.५ टन आणि दहा टायरला २८.५ टन, ही २०१८ पासूनची मर्यादा. जुन्या गाडीच्या आरसीवर कमी लिहिलेलं असू शकतं, आणि आरसीवर आहे तेच खरं. जास्त भरलं तर दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. दंडापेक्षा मोठी गोष्ट ही, की घाटात ब्रेक त्या वजनाला पुरत नाहीत. भरून झाल्यावर वजनकाट्याची पावती घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका.

उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊ नका. हे मी ऊसतोड्याचं लेकरू म्हणून सांगतोय. मुकादमाची उचल घेतली की हंगाम कसाही गेला तरी माणूस सुटत नाही, पुढच्या वर्षी त्याच टोळीत त्याला जावंच लागतं. ट्रकच्या धंद्यातही काही मालक लग्नाला, घराला पन्नास हजार, लाख उचलून देतात आणि मग ड्रायव्हर चारच तास झोपलेला असला तरी गाडी हलवायला लावतात. पैसा फार अडला तर एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त उचलू नका, आणि दिलेल्या-घेतलेल्याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. मूळ लायसन्स मालकाकडं ठेवायला कधीच द्यायचं नाही.

विम्याचं विचारा. गाडीच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचं संरक्षण घेतलंय का, क्लिनरचं घेतलंय का, ते पॉलिसी हातात घेऊन वाचा. स्वतःच्या बँक खात्यावर पंतप्रधान सुरक्षा विमा योजना चालू करा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. जीवनज्योती योजना ४३६ रुपयांत तेवढ्याच रकमेची आहे. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्डही काढून घ्या. पहिल्या पगाराच्या दिवशी ही कामं उरकली, की आईच्या डोक्यावरचा एक भार तरी कमी होतो.

आपल्याकडचे रस्ते

सोलापूर-धुळे महामार्ग, म्हणजे ५२ नंबर, आपला मुख्य रस्ता. धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर त्यावरच. मांजरसुंब्याचा घाट उतरताना नवखा ड्रायव्हर ओळखू येतो: त्याचे ब्रेकलाइट सारखे पेटलेले असतात. ज्या गिअरनं घाट चढावा लागतो त्याच गिअरनं उतरायचा आणि एक्झॉस्ट ब्रेक वापरायचा. पायाचा ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून मारायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा माणूस कितीही जुना असला तरी त्याचं ऐकू नका. धारूरचा घाट अरुंद आहे, हेवीचा हात बसेपर्यंत तिकडून जाऊच नका. कन्नडच्या औट्रम घाटात तर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं जड वाहनांना बंदी घातली. म्हणून मॅपवर रस्ता दिसतो म्हणून निघायचं नाही, त्या भागातल्या ड्रायव्हरला आधी विचारायचं.

समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईकडं ७०१ किलोमीटर सलग आहे. आपल्या जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून तो जातो. तिथं खड्डा नाही, वळण नाही, आणि तेच धोक्याचं. डोळे उघडे राहतात आणि मेंदू झोपतो. घासलेले टायर घेऊन त्या तापलेल्या काँक्रीटवर चढू नका. कडेला गाडी उभी करून झोपू नका, ठरलेल्या थांब्यावरच थांबा.

पण मराठवाड्यात रात्री चालवणाऱ्यानं सगळ्यांत जास्त भ्यावं ते दिवाळीनंतरच्या उसाला. गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. पुढून गाडीचा लाइट डोळ्यांवर आला की समोरची ट्रॉली दिसतच नाही, एकदम अंगावर येते. बैलगाड्या तर अंधारात अजिबात दिसत नाहीत. त्या रस्त्यांवर वेग इतका ठेवा, की तुमच्या डीम लाइटच्या पल्ल्यात गाडी थांबली पाहिजे. हंगामाच्या सुरुवातीला अन् शेवटी ट्रकमध्ये, ट्रॉलीवर संसार बांधून टोळ्या जात-येत असतात, वर बायका-लेकरं झोपलेली असतात. मी लहानपणी तसाच झोपून गेलेलो आहे. मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर आमचा जीव होता.

झोप, जेवण, व्यसन

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. रस्त्यावर आठ तासांत कुणाचंच भागत नाही हे खरं, पण विश्रांतीचा नियम तुम्ही स्वतः पाळू शकता. पहाटे दोन ते पाच ही वेळ माझी झोपेची आहे. त्या वेळी पेट्रोल पंपावर गाडी लावून मी आडवा होतो आणि कामाला लागायच्या आधीच मालकाला हे सांगून ठेवतो. चहा, बिडी, खिडकीतून वारा, यांनी झोप जात नाही. जांभया सुरू झाल्या, मागचे दोन-चार किलोमीटर आठवेनासे झाले, की पुढच्या उजेडाच्या जागी थांबा. लांबच्या रूटला मालकानं दुसरा ड्रायव्हर दिलाच पाहिजे.

जागं राहायला कुणी गोळी देईल, परराज्यात अफूचा चुरा देईल. पहिल्यांदा फुकट देतात. गुटखा तर आपल्याकडं कॉलेजातूनच सुरू झालेला असतो. दारू पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मी चांगले हात असलेले उस्ताद या पायी संपलेले बघितलेत, म्हणून हात जोडून सांगतो, सुरुवातच करू नका. ढाब्यावर रोज पनीर-तेल खाऊन पोट सुटतं आणि पाठ धरते. गॅसची छोटी शेगडी, कढई, ज्वारीचं पीठ गाडीत ठेवा. भाकरी येत नसेल तर आईकडून शिकून घ्या.

अपघात झाला तर

तुमची चूक असो वा नसो, गाडी थांबवून जखमीला दवाखान्यात पोचवायची सोय करणं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरवर कायद्यानं बंधन आहे. १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला. जमाव अंगावर येत असेल तर जीव वाचवून थेट जवळचं पोलीस ठाणं गाठा आणि तिथून मालकाला कळवा. भारतीय न्याय संहितेतल्या ज्या कलमावरून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर लोकांनी संप केला, ते १०६ चं दुसरं, अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याबद्दलचं पोटकलम १ जुलै २०२४ ला बाकी कायद्याबरोबर लागू केलेलं नव्हतं. पण बेदरकारपणे चालवून मृत्यू घडवला तर पहिल्या पोटकलमात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहेच. आणि पळून गेलेल्याची बाजू कुणी ऐकून घेत नाही. रस्त्यावरच्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखांपर्यंत बिनपैशांचे उपचार मिळायची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे. दवाखान्यात ती मागून घ्या.

घरच्यांना सांगताना

बापानं पोराला साहेब झालेला बघायचं ठरवलेलं असतं. त्याला लपवून कॉलेज सोडलं तर तो दुखावतो, आणि बातमी गावातून कळली तर जास्त. सुट्टीत क्लिनर म्हणून जाऊन आल्यावर, कमावलेले पैसे हातात देऊन, लायसन्सचा आणि परीक्षेचा हा सगळा क्रम समोर मांडून बोला. "मुक्त विद्यापीठात नाव घालतो" हे वाक्य बऱ्याच घरांत उपयोगी पडतं, पण म्हणणार असाल तर खरंच नाव घाला.

ड्रायव्हरला पोरगी देत नाहीत, हेही खरं आहे. आपल्याकडं शेती करणाऱ्यालाच मिळत नाही, ड्रायव्हरचं काय सांगावं. बँकेत पगार येत असेल, व्यसन नसेल आणि महिन्यातून ठरलेले दिवस घरी असाल तर बोलणी पुढं सरकतात. जालना-पुणे, लातूर-हैदराबाद अशा जवळच्या रूटची कामं थोडी कमी पैशांची असतात, पण संसार असणाऱ्यानं तीच धरावीत असं माझं मत आहे.

वीस पूर्ण झाल्यावरचं पहिलं वर्ष

हेवीचं पक्कं लायसन्स आलं, की लगेच ट्रेलरवर उडी नको. सहा टायरवर, दिवसा, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात माल वाहा. मग दहा टायर, मग रात्र, मग घाट. टँकरमध्ये पगार बरा असतो. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून आपल्याकडं इंधन येतं, तिथं ड्रायव्हर लागतात. पण त्याला धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते, आणि ती नोंद तीन वर्षंच चालते. स्वतःची गाडी घ्यायचं स्वप्न असेल तर दोन-तीन वर्षं पगारावर राहून आधी भाड्याचा, टायरचा, डिझेलचा आणि रिकाम्या परतीचा हिशेब वहीत लिहा. अण्णासाहेब पाटील महामंडळ, वसंतराव नाईक महामंडळ, महात्मा फुले महामंडळ यांच्या कर्जाच्या आणि व्याजाच्या योजना आहेत. आपल्या समाजासाठी कोणती लागू होते ते जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, मध्ये दलाल घालू नका. जून-जुलैत, माल कमी असतानाच्या महिन्यांत हप्ता कसा भरणार, याचं उत्तर वहीत सापडलं तरच बँकेत जा.

धंद्याच्या गाडीचं लायसन्स पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर चाचणी परत द्यावी लागते. लायसन्स हातात पडेल त्याच दिवशी ती तारीख मोबाइलमध्ये टाका आणि घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवा, कारण ऐन वेळी तुम्ही कुठल्या तरी परराज्यात गाडी खाली व्हायची वाट बघत असाल.